'वॉरियर जीन'वाल्या फॉरवर्डबद्दल खुलासा

सध्या एक मेसेज फिरतोय की एमएओए नावाचा 'वॉरियर जीन' असला की मूल मारकुटंच निघणार, संस्कारांचा काही उपयोग नाही. हे चुकीचंय. जीन खरा आहे, मेंदूतली सेरोटोनिनसारखी रसायनं मोडणारं एन्झाइम तो बनवतो, आणि १९९३ मध्ये नेदरलँड्सच्या एका कुटुंबातल्या काही पुरुषांमध्ये तो पूर्ण बंद पडलेला सापडला, त्यांचं वागणं हिंसक होतं, पण हे अतिशय दुर्मिळ, मेसेजवाल्याने तेच सगळ्यांना चिकटवलंय.

खरी गोष्ट पुढे आहे. न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये १९७२-७३ ला जन्मलेल्या सुमारे हजार मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं, त्यातल्या मुलग्यांवरचा पेपर २००२ मध्ये 'सायन्स' ह्या विज्ञान-नियतकालिकात आला. जीन कमी काम करतो आणि शिवाय लहानपणी मारहाण, छळ सोसला, अशांच्यात आक्रमकपणा जास्त दिसला. पण ज्यांना घरी नीट वागवलं गेलं त्यांच्यात नुसत्या जीनने फारसा फरक पडला नाही! नंतरच्या सगळ्या अभ्यासांत हेही सारखं दिसलेलं नाही.

म्हणून प्लीज तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर डिलीट करा, एखाद्या तापट पोराचे आईबाप तो वाचून हात टेकतील ह्याची मला खरंच काळजी वाटते.