‘फेस्टिवलचा सिनेमा’ हा प्रकार नाही

थोडं लांबलंय, पण चार दिवस डोक्यात हेच घोळतंय, म्हणून लिहून टाकते.

आमचा सिनेमावेड्यांचा अकरा जणांचा ग्रुप आहे. कॉलेजात असल्यापासूनची ओळख. दर वर्षी डिसेंबर संपता संपता प्रत्येकानं वर्षभरातले आपले आवडते पाच मराठी सिनेमे सांगायचे, मग त्यावर भांडायचं, हा आमचा नेम. यंदा, म्हणजे २०२५ च्या सिनेमांसाठी, आमच्यातल्या एकानं मेहनत घेऊन शीट बनवली. सिनेमाचं नाव, कुणी सुचवला, किती गुण आणि प्रकार. प्रकारासाठी त्यानं सहा रकाने केले होते: विनोदी, कौटुंबिक, थरार, हॉरर, ऐतिहासिक आणि शेवटचा फेस्टिवल, म्हणजे महोत्सवांत जाऊन आलेले.

मी ‘स्थळ’ कौटुंबिकमध्ये टाकला. संध्याकाळी बघते तर तो फेस्टिवलमध्ये गेलेला. मी परत आणला. रात्री पुन्हा तिकडे. त्यानंतर ग्रुपवर जे सुरू झालं ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललं.

‘स्थळ’ आहे कशाबद्दल? चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव. सविता नावाची मुलगी बी.ए. करतेय, समाजशास्त्र घेऊन. तिला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे. बाप कापूस पिकवतो. घरात मुलगी लग्नाची आहे म्हणून एकामागून एक पाहुणे येतात, बसतात, तिला समोर बसवतात, नाव विचारतात, शिक्षण विचारतात, उंची विचारतात, आणि जातात. कापसाला भाव मिळत नाही, आणि भाव मिळाल्याशिवाय लग्नाचा खर्च निघणार नाही. मुलगी, आईबाप, भाऊ, सोयरीक, हुंडा, पोहे. दिग्दर्शक जयंत सोमलकरांनी बराचसा सिनेमा या एका घरात आणि घराच्या अंगणात उभा केलाय. हा कौटुंबिक सिनेमा नसेल, तर मग कौटुंबिक कशाला म्हणायचं? चांगला सोफा, तीन पिढ्या आणि शेवटी सगळे मिळून जेवायला बसलेत, एवढ्यालाच?

मी हा सिनेमा आईबरोबर बघितला. ती हिंगणघाटहून महिनाभर आली होती. सिनेमा ७ मार्चला लागला आणि आम्ही गेलो दुसऱ्या आठवड्यात. आमच्या बाजूला तेव्हा एकच खेळ उरला होता, दुपारचा. हॉलमध्ये मोजून चौदा माणसं. आई येताना कुरकुरत होती, “अवॉर्डवाला पिक्चर हाय का? मंग मले झोप येईन.” सुरुवातीला सविताचं स्वप्न आहे. त्यात सगळं उलटं. मुलगा बसलाय आणि बायका त्याला प्रश्न विचारतायत. आई मोठ्यानं हसली. मग सविता जागी होते आणि खरे पाहुणे येतात. पहिल्यांदा ती जाऊन बसली तेव्हा आईनं नकळत पदर सारखा केला. थेटरातल्या अंधारात, खुर्चीवर बसल्या बसल्या. मी पडदा सोडून तिच्याकडेच बघत राहिले.

मध्यंतरात समोसा हातात धरून ती बोलायला लागली. “आमच्या वेळी पाट राहे. मान खाली. वर पाहाचंच नाई. माह्यासाठी वरोऱ्याचे आले, राळेगावचे आले, वणीचे दोनदा आले. दुसऱ्यांदा कायले आले ते आजून समजलं नाई.” पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. गावं तिला क्रमानं आठवत होती. कुणी काय विचारलं तेही. हे तिनं मला याआधी कधीच सांगितलं नव्हतं. मी तिची मुलगी, माझं वय बेचाळीस, आणि मला माझ्या बाबांच्या आधीच्या एकाही स्थळाची गोष्ट माहीत नव्हती.

तर तो सिनेमा आमच्या शीटमध्ये ‘फेस्टिवल’.

कारण काय, तर तो २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि तिथं त्याला आशियाई सिनेमांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला. आपल्याकडे थेटरात यायला त्यानंतर दीड वर्ष गेलं. मान्य. तो सिनेमा टोरांटोला जाऊन आला. पण मुक्काम कुठं पडला यावरून माणसाचं कूळ ठरतं का?

हाच निकष लावायचा तर प्रभातचा ‘संत तुकाराम’ घ्या. दामले आणि फत्तेलाल यांचा, १९३६ चा. तो १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गेला आणि तिथं नावाजला गेला. मुंबईत एकाच थेटरात तो ५७ आठवडे चालला. तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांना लोक साक्षात तुकोबा मानायला लागले होते. त्याला कुणी फेस्टिवलचा सिनेमा म्हटलं? तो संतपट होता आणि आजही संतपटच आहे. ‘सैराट’ फेब्रुवारी २०१६ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात दाखवला आणि एप्रिलच्या शेवटी आपल्याकडे लागला. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. गावोगावच्या थेटरात लोक खुर्च्यांवर उभं राहून नाचले. ‘सैराट’ कुणी फेस्टिवलच्या रकान्यात ठेवत नाही. म्हणजे महोत्सवात जाणं हा निकषच नाही. चालला तर त्याला त्याचा प्रकार मिळतो. चालला नाही, किंवा चालवला गेला नाही, तर तो ‘फेस्टिवल’. हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

मग ग्रुपमधल्या एका मित्राचा मुद्दा आला, आणि तो साफ खोटा नाही. त्याचं म्हणणं, प्रेक्षक अडीचशे रुपये मोजतो, त्याला आधी कळायला हवं की सिनेमा सावकाश चालणार आहे, गाणी नाहीत, शेवट हातात आणून देणार नाहीत. ‘फेस्टिवल’ म्हटलं की तो तयारीनं जातो. हे मला पटतं. ‘साबर बोंडं’ बघताना मलाही पहिली पंधरा-वीस मिनिटं जुळवून घ्यावं लागलं. त्याला पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा एकदा ठेवला की ठेवला. माणसं येतात, बसतात, गप्प राहतात. पण यासाठी आपल्याकडे शब्द आहे ना! संथ. संथ म्हणा. ‘संथ प्रेमकथा’ म्हणा. त्यातून प्रेक्षकाला वेगही कळतो आणि आत काय आहे तेही कळतं.

‘साबर बोंडं’ प्रेमकथाच आहे, आणि मी यंदा बघितलेल्यांत सगळ्यात कोवळी. वडील गेले म्हणून आनंद मुंबईहून गावी येतो, दहा दिवसांचं सुतक पाळायला. नातेवाईक जमलेले. एकीकडे काय खायचं, काय घालायचं, कुठं जायचं नाही याचे नियम, आणि दुसरीकडे प्रत्येक जण लग्नाचं कधी म्हणून विचारतोय. तिथं त्याला लहानपणचा बाल्या भेटतो. दोघं शेताकडे जातात, झाडाखाली बसतात. दिग्दर्शक रोहन कानवडे यांनी हे स्वतःचे वडील गेल्यानंतरच्या दिवसांवरून लिहिलंय, आणि ते जाणवतं. दुखवट्याच्या घरात माणूस एकटा कसा पडतो, हे ज्यानं भोगलंय त्यालाच असं दाखवता येतं. जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. मला त्याचा फार अभिमान वाटला. पण आमच्या शीटमध्ये त्या पारितोषिकाचा परिणाम एवढाच झाला की दोन माणसांचं प्रेम, एका आईचं लेकाला सांभाळून घेणं, एका बापाचं जाणं, हे सगळं पुसलं गेलं आणि एक शब्द उरला.

मराठीत आपण सिनेमांना नावं कशी देत आलो बघा. संतपट, तमाशापट, रहस्यपट, भयपट, चरित्रपट, युद्धपट. ‘पट’च्या आधी जे येतं ते आत काय आहे ते सांगतं. तमाशापटात फड असतो, ढोलकी असते. रहस्यपटात रहस्य असतं. ‘फेस्टिवलपट’ असा शब्द कुणी केला नाही, तो जिभेवर बसतच नाही. कारण फेस्टिवल आत नसतो.

आता ‘जारण’. यावर तर दोघांनी एकमेकांशी बोलणं सोडलं होतं. एक म्हणतो हॉरर. दुसरी म्हणते हा मनाच्या आजाराचा सिनेमा आहे, हॉरर म्हणणं म्हणजे त्या बाईवर अन्याय. मी दोघांनाही सांगितलं की तुम्ही वर्गवारी करत नाही आहात, तुम्ही उत्तर फोडताय. राधावर खरंच करणी झालीय की तिचं मन तिला खातंय, हा त्या सिनेमाचा जीव आहे. राधा झालेली अमृता सुभाष प्रत्येक प्रसंगात दोन्ही शक्यता जिवंत ठेवते. तिची नजर जरा वळली की आपण खुर्चीत आकसतो, आणि पुढच्याच क्षणी तिची कीव येते. ‘हॉरर’ लिहिलं की प्रेक्षक भुताची वाट बघत बसतो. ‘मानसशास्त्रीय’ लिहिलं की डॉक्टरची वाट बघतो. तिकीट काढण्याआधीच कोडं सुटलं.

आणि यासाठीसुद्धा आपल्याकडे शब्द पडून आहे. गूढ. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचत आपली एक अख्खी पिढी मोठी झाली. नारायण धारपांच्या भयकथा एका बाजूला आणि मतकरींच्या गूढकथा दुसऱ्या बाजूला, हा फरक तेव्हा वाचनालयातल्या शाळकरी पोरांनाही कळायचा. भयकथेत भीती नक्की असायची. गूढकथेत मात्र शेवटचं पान मिटल्यावरही तुम्ही विचार करत बसायचात. ‘जारण’चे दिग्दर्शक हृषीकेश गुप्ते स्वतः याच वाटेवरचे लेखक. त्यांच्या सिनेमाला गूढपट म्हणायला काय हरकत आहे? इंग्रजी ॲपवर तो रकाना नसेल. आपल्या शीटमध्ये तर आपण करू शकतो.

‘दशावतार’बद्दल फारसं भांडण झालं नाही, थरारपट म्हणून सगळ्यांनी मान्य केला. मला तेवढंच पुरेसं वाटत नाही, पण ठीक आहे. बाबुली मेस्त्री झालेले दिलीप प्रभावळकर आरशासमोर बसून तोंडाला रंग लावतात ते एकदा नीट बघा. कोकणातल्या जत्रेत रात्रभर चालणाऱ्या दशावतारात लिहिलेली संहिता नसते, नट आयत्या वेळी संवाद रचतो, आपला चेहरा आपणच रंगवतो. तो रियाज त्या हातांत दिसतो.

‘गोंधळ’चं मात्र वाईट वाटलं. तो नोव्हेंबरात लागला तेव्हा ग्रुपवर थरार म्हणूनच चर्चा होती. त्याच महिन्यात गोव्याला इफ्फीत, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, संतोष डावखर यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा रौप्यमयूर मिळाला, आणि आठवड्याभरात सिनेमा रकाना बदलून फेस्टिवलमध्ये. सिनेमात एक फ्रेमही बदलली नव्हती.

कुणीतरी वर्षाचाही वाद काढला, की ‘स्थळ’ मुळात २०२३ चा, तो यंदाच्या यादीत कसा? याला अंत नाही. राष्ट्रीय पुरस्कार सेन्सॉर प्रमाणपत्राच्या तारखेवर चालतात, सिनेमा लागण्याच्या नाही. ‘वाळवी’ जानेवारी २०२३ मध्ये लागला आणि त्याला पुरस्कार मिळाला २०२२ चा. रिंकू राजगुरूचा ‘सैराट’साठी गौरव झाला तोही २०१५ च्या पुरस्कारांत, सिनेमा लागण्याच्या महिनाभर आधी. आपण परीक्षक मंडळ नाही. माझ्या गावच्या माणसाला तिकीट काढून ज्या वर्षी बघता आला, ते त्या सिनेमाचं वर्ष. विषय संपला.

आता जे मला खरंच लागलं ते सांगते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सरळ विचारलं, अकरा जणांपैकी ‘स्थळ’ कुणी कुणी बघितलाय? चौघांनी. ज्यानं तो दोनदा फेस्टिवलमध्ये हलवला त्यानं बघितलेला नव्हता. त्यानं ते प्रामाणिकपणे सांगितलं, त्याबद्दल मला त्याचा राग नाही. म्हणाला, “अगं, चांगलाच असणार. पण तो आपल्यासाठी नसतो ना.” हा मुलगा सांगली जिल्ह्यातल्या खेड्यातला. त्याच्या दोन बहिणींची लग्नं त्याच्या डोळ्यांदेखत जमली. पाहुणे आले की चहा नेऊन द्यायचं काम त्याचंच असायचं, हे त्यानंच आम्हाला होस्टेलवर सांगितलं होतं. त्याच्यासाठी नाही तर मग कुणासाठी केलाय तो सिनेमा? टोरांटोच्या लोकांसाठी?

ही शीट आमच्यापुरती राहत नाही, म्हणून मी एवढी हट्टाला पेटले. ती ऑफिसात जाते, भावाबहिणींकडे जाते, कुणाच्या सासूबाईंच्या भिशीच्या ग्रुपवर जाते. लोक ‘कौटुंबिक’चा रकाना बघतात, त्यातलं पहिलं नाव घेतात आणि रविवारी घरच्यांना घेऊन बसतात. शेवटच्या रकान्यापर्यंत कुणी जात नाही. माझी आई कधीच गेली नसती.

तर माझे पाच, मी लिहिलेत तसेच. ‘साबर बोंडं’, प्रेमकथा, संथ. ‘स्थळ’, कौटुंबिक. ‘जारण’, गूढपट, हा रकाना मी नव्यानं केलाय. ‘दशावतार’, थरारपट. ‘गोंधळ’, तोही थरारपट. शेवटचा रकाना मी काल रात्री शीटमधून काढून टाकलाय. ज्याला परत हवा असेल त्यानं आधी त्यातले तिन्ही सिनेमे बघावेत, मग माझ्याशी बोलावं. तुमचे पाच खाली लिहा, आणि प्रत्येकापुढे आत काय आहे तेही लिहा.