मोठ्या मीटरचं कोण विचारणार?

गेली दोन-तीन वर्षं कोल्हापूरच्या बातम्या उघडल्या की स्मार्ट मीटर असतोच. मोर्चे झाले, निवेदनं गेली. जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं सरकारनं जाहीर केलं, मग पोस्टपेडच्या रूपात टीओडी, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार वापर नोंदणारे, मीटर आले आणि भांडण परत पेटलं. आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मग ठरलेला प्रश्न येतो: "तिकडं अमेरिकेत कसं असतंय रं?"

न्यूयॉर्कमधल्या मोठ्या इमारतींच्या ऊर्जावापराचे वार्षिक अहवाल भरून देणं हेच माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे उत्तर द्यायला हात शिवशिवतात. तिकडं बसून इकडचं शहाणपण सांगणाऱ्यांचा मलाही कंटाळा आहे, पण या एका विषयात कोल्हापूरकर चुकीच्या मीटरवर भांडतायत असं मला वाटतं. बिल वाढेल हा लोकांचा संशय रास्त आहे. फक्त तो राजारामपुरीच्या बोळातल्या दोनशे युनिटवाल्या घराभोवतीच घुटमळतोय. ताराबाई पार्कातली काचेची पाच मजली इमारत वर्षाला किती युनिट खाते, हे विचारायला एकही मोर्चा निघालेला नाही.

न्यूयॉर्कनं हा प्रश्न २००९ मध्ये विचारला. त्या शहराच्या हरितगृह वायूंपैकी दोन तृतीयांशाच्या आसपास वायू इमारतींमुळे होतात, गाड्यांमुळे नव्हे. म्हणून महापालिकेनं कायदा केला: पन्नास हजार चौरस फुटांवरच्या प्रत्येक इमारतीनं वर्षभराची वीज, गॅस, तेल, वाफ आणि पाणी यांचा हिशेब द्यायचा. पुढे ही मर्यादा पंचवीस हजारांवर आली. मुदत दरवर्षी १ मे, म्हणजे तुम्ही महाराष्ट्र दिनाची सुट्टी घेता तेव्हा आमची धावपळ शिगेला असते. हिशेब दिला नाही तर दर तिमाहीला पाचशे डॉलर, वर्षाला जास्तीत जास्त दोन हजार. मॅनहॅटनच्या मालकाला ही रक्कम म्हणजे चहापाणी. खरा चिमटा दुसरीकडे होता. हे आकडे पत्त्यासह जाहीर होतात आणि कुणीही ते बघू शकतं.

पहिल्यांदा मोठ्या खासगी इमारतींचे आकडे बाहेर आले ते २०१२ मध्ये, आणि भल्याभल्यांची पंचाईत झाली. ऊर्जा जपून वापरण्याचे गुण शंभरपैकी असतात आणि ते त्याच प्रकारच्या इतर इमारतींशी तुलना करून मिळतात. १९३० ची क्रायस्लर इमारत ८४, १९३१ ची एम्पायर स्टेट ८०. २००६ मध्ये उभी राहिलेली, हरित प्रमाणपत्र मिरवणारी सेव्हन वर्ल्ड ट्रेड सेंटर ७४. आणि वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आदर्श म्हणून दाखवली जाणारी १९५८ ची सीग्राम इमारत? तीन. शंभरपैकी तीन! जाड भिंतींच्या, माफक खिडक्यांच्या म्हाताऱ्या इमारती काचेच्या देखण्या इमारतींना भारी पडल्या होत्या.

एम्पायर स्टेटचं यश आपोआप आलं नव्हतं. २००९ पासून तिथं मोठं काम झालं. सहा हजार पाचशे चौदा खिडक्या काढल्या, इमारतीतच कारखाना थाटून जुन्याच काचांमध्ये पातळ फिल्म आणि वायू भरून त्या परत बसवल्या. नव्या काचा आणल्या नाहीत, हे मला त्यातलं सर्वांत कोल्हापुरी वाटतं. ऊर्जा ३८ टक्क्यांनी कमी करायचं उद्दिष्ट होतं. पण कुठे किती जाते हे आधी मोजलं, म्हणूनच आधी खिडक्यांना हात घातला आणि मग यंत्रांना.

आता आपलं गाव बघा. सीपीआर रुग्णालय, टाऊन हॉल, नवा राजवाडा, सगळं काळ्या दगडातलं. भर एप्रिलमध्ये आत शिरलं की अंग निवतं. आणि गेल्या पंधरा वर्षांत स्टेशन रोड, कावळा नाका, राजारामपुरी इथं उभं राहिलं ते पश्चिमेला तोंड करून काच आणि एसीपी शीटचं (ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचं) एलेव्हेशन. दुपारी तीनला सूर्य थेट आत आणि त्याला हाकलायला चार-चार टनांचे एसी. बिल्डर इमारत विकून मोकळा होतो, बिल भाडेकरू भरतो. एसी घेताना आपण तारे मोजतो, २०२० पासून नव्या एसीत सुरुवातीचं तापमान २४ अंशांवर लावूनच येतं. ज्या खोलीत तो एसी लागणार ती इमारत किती ताऱ्यांची, हे मात्र कुणी विचारत नाही. तशी व्यवस्था भारतात नाही असंही नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं इमारतींना तारे द्यायची योजना २००९ मध्येच काढली, पण ती ऐच्छिक. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ ची, २०१७ मध्ये सुधारलेली; शंभर किलोवॅट जोडभाराच्या वरच्या व्यापारी इमारतींसाठी. ती मुख्यतः बांधताना, नकाशावर बघितली जाते. इमारत चालू झाल्यावर दहा वर्षांनी ती किती खाते, याचा हिशेब लोकांसमोर ठेवायचं बंधन नाही.

माझा मामेभाऊ राजारामपुरीतल्या एका व्यापारी संकुलाचं सगळं बघतो: लिफ्ट, बोअर, जनरेटर, कॉमन मीटरचं बिल. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "तुमचं बरं हाय लेका, तिकडं बसून बोलायला. आधी लाईट जायची थांबव म्हणावं, मग हिशेब माग." मग मला जिन्याखालच्या मीटर खोलीत घेऊन गेला. प्लायवूडच्या फळीवर मीटरच्या रांगा, प्रत्येकाखाली ऑइल पेंटनं दुकानाचा नंबर. काही नंबर पुसलेले, एकावर आधीच्या भाडेकरूचं नाव. "आता सांग, यातली बेरीज कोण करणार? दुकानदार मला त्याचं बिल दाखवंल व्हय?"

अडचण खरी होती, आणि न्यूयॉर्कलाही पहिल्या वर्षी हीच आली. भाडेकरूंचे मीटर वेगळे, मालकाच्या हातात फक्त जिन्याचं बिल. तोडगा असा निघाला की वीज कंपनी, तिथं कॉन एडिसन, पूर्ण इमारतीची बेरीज करून एकच आकडा देते. कोणत्या दुकानानं किती वापरली हे मालकालाही कळत नाही. गुप्तता राहते आणि हिशेबही होतो. महावितरणकडे प्रत्येक ग्राहक क्रमांक आहे, पत्ता आहे. उच्चदाब, म्हणजे मोठ्या जोडणीच्या, ग्राहकांचा तर दिवसाच्या वेळेनुसार वापर कित्येक वर्षांपासून नोंदला जातो, कमाल मागणी किती, पॉवर फॅक्टर किती, सगळं बिलावर छापलेलं असतं. म्हणजे या कामाला एकही नवा मीटर बसवायला नको. कंपनीला ठाऊक आहे, फक्त गावाला ठाऊक नाही.

आकडा काढणंही अवघड नाही. वर्षाचे युनिट भागिले चटईक्षेत्र. समजा, दोन हजार चौरस मीटरचं ऑफिस वर्षाला एक लाख ऐंशी हजार युनिट वापरतं, तर चौरस मीटरमागे नव्वद. शिरोलीतल्या फौंड्रीवाल्याला एक टन धातू वितळवायला किती युनिट पडले हे तोंडपाठ असतं, कारण त्यावर त्याचा भाव ठरतो. इमारतवाल्याला तेवढंच आपल्या चौरस मीटरचं माहीत असावं, इतकीच मागणी आहे. अर्थात चोवीस तास चालणारं हॉस्पिटल आणि दहा ते सहाची कचेरी एका तराजूत घालायची नाही. हॉस्पिटलची तुलना हॉस्पिटलशी.

न्यूयॉर्कचं सगळंच उचला असं मात्र मी म्हणणार नाही. २०२० पासून तिथं इमारतीच्या दारात ए, बी, सी, डी अशी श्रेणी लावावी लागते, अहवाल न देणाऱ्याला एफ. ज्या लॉबीत मी आठवड्यातून चारदा जातो तिथं हा कागद अग्निशमनाच्या नकाशाशेजारी, कुंडीच्या पानांमागे आहे. मोठं डी, खाली छोटा आकडा. तिथल्या पहारेकऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, लिफ्टची तपासणी असेल. लाजेनं इमारती सुधारतात ही समजूत अर्धीच खरी. म्हणून २०१९ मध्ये शहरानं पुढचं पाऊल टाकलं: उत्सर्जनाची मर्यादा, २०२४ पासून लागू, आणि ओलांडली तर दर टनाला २६८ डॉलर दंड, म्हणजे वीस हजार रुपयांहून जास्त. त्यावर क्वीन्समधल्या साध्या गृहसंस्थांनी, जिथं निवृत्त शिक्षक आणि परिचारिका राहतात, कोर्ट गाठलं. मे २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयानं निकाल शहराच्या बाजूनं दिला. तरी बॉयलर बदलायला पैसे कुठून आणायचे हा त्या म्हाताऱ्यांचा प्रश्न तसाच आहे, आणि माझ्या मते तो प्रश्न रास्त आहे. हिशेबाच्या कायद्यापासून दंडाच्या कायद्यापर्यंत तिथंही दहा वर्षं गेली. कोल्हापुरात दंडापासून सुरुवात केली तर दुसऱ्या दिवशी बिंदू चौकात सभा, आणि त्या सभेला मीही येईन.

सुरुवात सरकारी इमारतींपासून करावी. ब्रिटननं २००८ पासून तेच केलंय: मोठ्या सार्वजनिक इमारतींच्या दारात प्रत्यक्ष मीटरवरच्या वापराचं प्रमाणपत्र. महापालिका, जिल्हा परिषद, जिल्हाधिकारी कार्यालय, विद्यापीठ. बिलं जनतेच्याच पैशातून जातात, त्यामुळे धंद्याचं गुपित वगैरे सबब चालत नाही. टोलविरोधी आंदोलनाच्या वेळी रस्त्याच्या कामाचं मूल्यांकन करायला लावणारं हे शहर आहे. बारा महिन्यांची बिलं मागायला त्याला जड का जावं?

घाई एका जागी आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, आणि शेंडा पार्कात मोठ्या सरकारी इमारती येऊ घातल्यात. एसीची लाईन, लिफ्ट, पाण्याचे पंप, दिवे यांना वेगवेगळे सबमीटर द्यायचे तर ते निविदेतच लिहावं लागतं. एकदा गिलावा झाला की कंत्राटदार भिंत फोडायचे वेगळे पैसे लावतो. त्या निविदांमध्ये सबमीटरची ओळ आहे का, एवढं कुणीतरी माहिती अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. मामेभावाला मी सांगितलंय, स्टँपचे पैसे माझ्याकडून घे.