‘एक एकरात स्वयंपूर्ण’ व्हायच्या मेसेजचा हिशेब

‘नाशिकजवळ एक एकर घ्या आणि बिलं विसरा’ अशा धर्तीचा मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: पत्र्यावरचं पावसाचं पाणी दहा हजार लिटरच्या टाकीत साठवा, वर्षभर पुरतं. एक किलोवॉट सोलर आणि दोन बॅटऱ्या बसवा, फ्रिजपासून विहिरीच्या मोटारीपर्यंत सगळं चालतं. दोन गायी बांधा, त्यांच्या शेणाच्या गोबरगॅसवर स्वयंपाक, अंघोळीचं पाणी आणि वर जनरेटरही. उरलेल्या रानात चार माणसांचं आणि गायींचं पोट भरतं. आणि हे कोणालाही जमण्यासारखं आहे.

यातले बरेचसे आकडे अगदीच खोटे नाहीत, म्हणून तर ते पटतात. फक्त ते सगळे वर्षाच्या सरासरीचे आहेत. शेतातल्या घराला पाणी कमी पडतं मे महिन्यात, वीज जुलै-ऑगस्टमध्ये आणि गॅस डिसेंबर-जानेवारीत. हिशेब त्या महिन्यांचा करायचा.

‘दहा हजार लिटरची टाकी वर्षभर पुरते’

हजार चौरस फूट पत्र्यावर १ मिलिमीटर पाऊस पडला की साधारण ९३ लिटर पाणी होतं. पहिला धुवट पाऊस, उडालेलं आणि गळालेलं वजा जाता ७५ लिटर हाती लागतं असं धरा. घरातल्या वापराला माणशी रोज ५५ लिटर धरले तर चार माणसांचे २२० लिटर. ऑक्टोबर ते मे हे कोरडे आठ महिने म्हणजे सुमारे ५३ हजार लिटर. सप्टेंबरअखेर काठोकाठ भरलेली दहा हजारांची टाकी ४५ दिवसांत, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यावर तळाला जाते. दोन गायींचं पाणीही त्यातूनच पाजलं तर एका महिन्यातच.

नाशिक जिल्ह्यात पुढची अडचण अशी की उत्तर तालुक्यागणिक बदलतं. सिन्नर-येवल्याकडे पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. तेवढ्या पत्र्यावरून वर्षाला ३७ हजार लिटर मिळतं, त्यातलं २६ हजार पावसाळ्याच्या चार महिन्यांतच वापरून संपतं. उरलं दहा-अकरा हजार. तिथे टाकी मोठी करून काही हाती लागत नाही, पत्राच दुपटीहून मोठा लागतो. इगतपुरीकडे ३,००० मिलिमीटर कोसळतो. तिथे पाणी वाहून जातं कारण टाकी छोटी. एकच आकडा दोन्हीकडे सांगणाऱ्याने जिल्हा बघितलेला नाही, एवढं नक्की.

दहा हजारांची टाकी तरीही बांधावीच, फक्त पिण्या-स्वयंपाकापुरती. माणशी ७ लिटर धरले तर चौघांचे रोज २८ लिटर होतात आणि तीच टाकी सगळा उन्हाळा काढते. अंघोळ, धुणं, गुरं विहिरीवर. आणि विहीरच, बोअर नव्हे, असा आमचा कल आहे. इथला खडक काळा बेसॉल्ट. पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत असतं. भेग लागली तर बोअर चालतो, नाही तर तीनशे फूट खाली जाऊनही नुसती भुकटी निघते. पाणाड्याच्या हातावर नारळ उभा राहिला म्हणून भेग लागत नाही.

टाकीत पहिला पाऊस जाऊ द्यायचा नाही, हे मेसेजमध्येही लिहिलंय. किती, ते लिहिलेलं नाही. पत्रा धुवायला निदान १ मिलिमीटर, म्हणजे हजार फुटांना ९०-१०० लिटर बाहेर काढावं लागतं. बहुतेक ठिकाणी चार इंची पाइपाचा तीन फुटी तुकडा खाली लोंबकळत ठेवतात. त्यात मावतात सात-आठ लिटर. पक्ष्यांची विष्ठा आणि पानांचा चुरा मग सरळ टाकीत. १०० लिटरचा ड्रम लावा आणि तळाशी बारीक गळतं भोक ठेवा. भोक नसेल तर पुढच्या पावसालाही ड्रम भरलेलाच असतो आणि घाण वरच्या वर टाकीत जाते. टाकीत उजेड शिरू देऊ नका, ओव्हरफ्लोला आणि हवेच्या नळीला बारीक जाळी बसवा. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) दर हजार लिटरला अडीच ग्रॅमपासून, बादलीत कालवून, गाळ खाली बसल्यावर फक्त वरचं नितळ पाणी टाकीत ओतायचं. अर्ध्या तासाने ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघणाऱ्या थेंबांच्या चाचणीला) पिवळी छटा आली पाहिजे.

टाकीऐवजी शेततळं, असंही कोणी सुचवतं. २० बाय २० मीटरच्या उघड्या पाण्यावरून एप्रिल-मेमध्ये रोज ६-७ मिलिमीटर उडतं, म्हणजे अडीच हजार लिटर. चौघांचा घरवापर त्याच्या दहाव्या हिश्श्यालाही येत नाही. पिकासाठी तळं ठीक आहे. त्याला कुंपण आणि चारही बाजूंनी काठावर पक्के बांधलेले गाठींचे दोर मात्र पहिल्याच दिवशी हवेत. तळ्याच्या अस्तराच्या ओल्या प्लास्टिकवरून पोहता येणारा माणूसही वर येऊ शकत नाही.

‘एक किलोवॉट आणि दोन बॅटऱ्यांत सगळं घर’

एक किलोवॉटला वर्षाच्या सरासरीने रोज ४ युनिट मिळतात, हे खरं. घराची गरज बघा: छोटा फ्रिज १ युनिट, तीस वॉटचे, कमी वीज खाणारे तीन बीएलडीसी पंखे बारा तास म्हणजे आणखी १, दिवे, टीव्ही, मोबाइल, मिक्सर मिळून पाऊण. झाले पावणेतीन. बॅटरी-इन्व्हर्टरमध्ये पाव हिस्सा जातो, तरी कागदावर गणित बसतं. मग श्रावण येतो. त्र्यंबक-इगतपुरीच्या पट्ट्यात गच्च ढगाळ दिवशी तेच पॅनेल जेमतेम एक युनिट देतं आणि असे दिवस एकापाठोपाठ एक येतात.

बॅटरीचंही तसंच. १२ व्होल्ट १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोन म्हणजे ३.६ युनिट, पण लेड-ॲसिड निम्म्याच्या खाली रोज उतरवली तर लवकर मरते. उरले १.८, इन्व्हर्टरमधून बाहेर येईपर्यंत दीड. पंखे, दिवे आणि फ्रिजची एक रात्रही त्यात नीट निघत नाही.

आमच्या मते खर्च पॅनेलवर वाढवावा, बॅटरीवर बेताचा. ५४० वॉटची सहा पॅनेल लावली तर गच्च दिवशीही तीनेक युनिट येतात. सोबत ५ युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असली की रात्र निघते. शेतात सिंगल फेजचं कनेक्शन असेल तर ते तोडण्यात शहाणपण नाही.

मोटार या सगळ्यातून वेगळी ठेवा. तीन एचपीची मोटार चालताना पावणेतीन-तीन किलोवॉट ओढते, पण सुरू होताना क्षणभर चार-सहा पट करंट घेते. घरचा इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होतो, आणि लोक बॅटरीवाल्याला शिव्या घालतात. सोलर पंपाचा कंट्रोलर मोटार हळूहळू वेगात आणतो, त्याला बॅटरी लागतच नाही. दिवसा पाणी उंचावरच्या टाकीत चढवायचं, रात्री उताराने वापरायचं. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. अडीच एकरापर्यंत तीन एचपी मिळतो.

दोन चुका मात्र धोक्याच्या आहेत. पहिली, ऑन-ग्रिड (फक्त लाइनच्या जोडीने चालणारा) इन्व्हर्टर घेऊन लोडशेडिंगमध्ये दिव्यांची वाट बघणं. लाइन गेली की तो मुद्दाम बंद होतो, नाही तर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छतावरचा शॉक बसेल. लाइनशिवायही चालणारा ऑफ-ग्रिड किंवा हायब्रिडच हवा. दुसरी, पॅनेलकडून येणाऱ्या डीसी वायरवर घरातला साधा एसी एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) बसवणं. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, ठिणगी आपोआप तुटते. डीसीची तुटत नाही, एमसीबी आतून वितळतो आणि पेटी पेटते. डब्यावर ‘डीसी’ आणि पॅनेलच्या ओळीपेक्षा जास्त व्होल्टेज छापलेलं आहे ना, ते स्वतः वाचा.

‘दोन गायींवर स्वयंपाक, अंघोळ आणि जनरेटर’

एक किलो शेणातून सुमारे ४० लिटर गॅस मिळतो. गाय दिवसाला दहा किलोच्या आसपास शेण देते, तेही गोठ्यात बांधलेली असेल तर. चरायला गेली की निम्मं रानात. दोन गायी, वीस किलो, ८०० लिटर गॅस. महिन्याचा हिशेब साधारण दहा किलो एलपीजीएवढा होतो. काटकसरीत चौघांचा स्वयंपाक निघतो, हा मेसेजमधला सर्वांत कमी चुकलेला दावा.

पण साठ लिटर पाणी अंघोळीपुरतं तापवायला त्यातले ६०० लिटर जातात. एक युनिट वीज काढायची तर जवळपास सगळाच गॅस, आणि त्यातला हायड्रोजन सल्फाइड वायू इंजिन गंजवतो तो वेगळा. अंघोळीला बंब बरा. द्राक्षपट्ट्यात खरड छाटणीनंतर काड्यांचे ढीग बांधावर पडलेले असतात.

दोन घनमीटरचा प्लँट विक्रेते गळ्यात मारतात, त्याला रोज ५० किलो शेण लागतं. दोन गायींना एक घनमीटरचाच घ्या. पहिली भरणी म्हणून टनभर ताजं शेण आणि तेवढंच पाणी लागतं, ते आधी जमवून ठेवा. सुरुवातीचा गॅस पेटत नाही, तो सोडून द्यायचा. एलपीजीची शेगडी चालत नाही, कारण इथे दाब फारच कमी असतो. मोठ्या भोकाच्या जेटचा बायोगॅस बर्नर लागतो. पाइपला उतार द्या आणि सर्वांत खालच्या जागी पाणी काढायचा कॉक ठेवा, नाहीतर ज्योत भकभकते. गळती साबणाच्या फेसाने बघायची, काडी ओढून नाही.

थंडीत निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली गेलेला पेपरात वाचतो, त्याच आठवड्यांत गॅस निम्म्यावर येतो. जमिनीतला पक्का घुमट लोखंडी ड्रमपेक्षा बरा टिकाव धरतो. शेण कालवायचं पाणी दुपारी उन्हात तापवून घ्या आणि घुमटावर पाचटाचा जाड थर घाला.

‘एका एकरात सगळ्यांचं पोट’

चाळीस गुंठ्यांतून घर, गोठा, खळं, टाकी यांना पाच-सहा गेले. दोन गायींच्या हिरव्या चाऱ्याला बारमाही पाण्याचं दहा गुंठे नेपिअर गवत. उरलेल्या चोवीस गुंठ्यांत खरिपाची बाजरी चौघांना जेमतेम वर्षाची, सरमड (बाजरीची वाळलेली ताटं) गायींना अर्धवट. गहू, हरभरा रब्बीत पाणी असेल तर. तेल, साखर, डाळीचा मोठा भाग आणि पेंड विकतच. डांगी गाय घाटातल्या पावसाला काटक आहे, पण दूध थोडं. जास्त दुधाची संकरित आणली की पेंडीचा खर्च वाढतो.

‘कोणालाही जमतं’

महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. १९४८च्या कूळकायद्याचं कलम ६३ बघा. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडे स्वस्त दिसणाऱ्या अनेक जमिनी आदिवासी खातेदारांच्या असतात. त्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीला घेता येत नाहीत, जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ तसं सांगतं. नोटरी केलेल्या कागदाने काहीही होत नाही. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) आणि ‘इतर हक्क’ हे रकाने वाचा, जुने फेरफार काढा.

आणि रस्ता बघा. शेजाऱ्याच्या बांधावरून ‘सगळे जातात’ हा रस्ता नव्हे. नकाशावर किंवा सातबाऱ्यावर नोंद नसेल तर तहसीलदाराकडे कलम १४३ खाली अर्ज करून मंजूर करून घ्या, तोही खरेदीखताच्या आधी, मूळ मालकाच्या नावाने. विटा, पॅनेल आणि गरज पडली तर मे महिन्यात टँकर त्याच वाटेने येणार आहे.