साडेबत्तीस मॅच मागे

जुलै २०२४ मधल्या एका रविवारी रात्री दोनच्या सुमारास अमेरिकेतली बेसबॉलची मॅच बघताना मी ओरडलो. कबूल. 'अरे मागे, मागे, मागे जा!' असं म्हणालो आणि तिसऱ्या 'मागे'ला आवाज जरा चढला. पण त्याच सुमारास समोरच्या बी विंगमधल्या पोरांनी युरो कपच्या फायनलला आधी इंग्लंडच्या गोलवर आणि मग स्पेनच्या गोलवर अख्खी बिल्डिंग डोक्यावर घेतली होती. त्यांना कुणी चकार शब्द बोललं नाही. सकाळी सव्वासातला सोसायटीच्या ग्रुपवर नोटीस आली ती माझ्या नावाची, फ्लॅट नंबरासकट. फुटबॉलवर ओरडलं की वातावरण, बेसबॉलवर ओरडलं की शांतताभंग.

ओरडण्यासारखं काय झालं तेही सांगतो. बाल्टिमोरला नववी म्हणजे शेवटची इनिंग, न्यूयॉर्कचे यँकीज बाल्टिमोरच्या ओरिओल्सपेक्षा ५-३ ने पुढे. बेन राइस या नवख्या पोराने नुकताच तीन रन्सचा होम रन, म्हणजे बेसबॉलमधला षटकार, मारून ही आघाडी मिळवून दिलेली. बॉलिंगला, म्हणजे पिचिंगला क्ले होम्स. दोन आउट झालेले, तिसरा की खेळ संपला. तिन्ही बेसवर ओरिओल्सचा एकेक धावणारा उभा. साधा सरपटी चेंडू शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे, उभ्या असलेल्या व्होल्पीकडे गेला. उचलायचा, फेकायचा, मॅच खलास. त्याच्या हातून निसटला. ५-४. मग सेड्रिक मलिन्सने लेफ्ट फील्डला फटका मारला, तर तिथला फील्डर व्हर्डुगो आधी पुढे धावला. चेंडू डोक्यावरून मागे. दोन रन्स, ६-५, ओरिओल्स जिंकले. आता अशा वेळी माणसाने काय जप करायचा?

साडेआठला बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे काका. बँकेतून निवृत्त, शेवटची बारा वर्षं इन्स्पेक्शनला. पावतीपुस्तक घेऊनच आले होते. दंड पाचशे. 'बसा' म्हटलं तर खरंच बसले, आणि टेबलावर माझा गुणतक्ता पडला होता तो त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेऊन वाचायला सुरुवात केली. तिथून पुढचा दीड तास माझा नव्हता.

"हे साडेबत्तीस काय आहे?"

म्हटलं, शिकागो व्हाइट सॉक्स साडेबत्तीस मॅचने मागे आहेत.

"अर्धी मॅच कुठे खेळले?"

"अर्धी कुणी खेळत नाही काका. हिशेबात येते."

"न झालेला व्यवहार हिशेबात येतो?"

मी कागद पुढे ओढला. पद्धत सोपी आहे. गटातल्या पहिल्या नंबरच्या टीमने आपल्यापेक्षा किती जास्त मॅच जिंकल्या ते काढायचं, आपण त्यांच्यापेक्षा किती जास्त हरलो ते काढायचं, दोन्हींची बेरीज करून दोनाने भागायचं. क्लीव्हलँड गार्डियन्स ५८ जिंकले, ३७ हरले. व्हाइट सॉक्स २७ जिंकले, ७१ हरले. काकांनी माझ्याच हातातलं पेन घेतलं. "एकतीस अधिक चौतीस, पासष्ट. भागिले दोन. साडेबत्तीस." पुन्हा एकदा उलट तपासलं, खाली बारीक टिक केली. "हिशेब बरोबर आहे. वस्तू चुकीची आहे."

समजावलं, की दोन टीम सारख्याच मॅच खेळल्या असतील तर अर्धी कधीच उरत नाही. गार्डियन्सच्या झाल्यात ९५, यांच्या ९८. तीनचा फरक, म्हणून अर्धी लटकते. "मग त्या तीन मॅच येणे बाकी?" हो, म्हटलं, पावसात वाहून गेलेल्या मॅच नंतर एकाच दिवशी दोन खेळूनही भरून काढतात. शेवटी बहुतेक सगळ्यांच्या १६२ होतात. हे त्यांना आवडलं. येणे बाकी वसूल होतं म्हटल्यावर चेहरा निवळला. आणि मग त्यांनी स्वतःहून अशी गोष्ट सांगितली, की जी कळायला मला दोन सीझन गेले होते: "म्हणजे जमेपेक्षा तोट्याचा रकाना बघायला हवा. न खेळलेली मॅच जिंकता येईल, हरलेली परत मिळणार नाही."

बरोबर हेच. जुने बेसबॉलवाले आधी हरलेल्या मॅचचा रकानाच बघतात. यँकीज ५८-४०, ओरिओल्स ५८-३८. जिंकलेल्या सारख्याच, सगळं दुखणं त्या दोन जादा हरण्यांत आहे, आणि त्या हिशेबातला एक रविवारी रात्री माझ्या डोळ्यांदेखत झाला.

यँकीजचं खातं काकांना मीच उघडून दाखवलं. जूनच्या मध्याला ५०-२२. त्यानंतर ८ जिंकले, १८ हरले. ॲरन जजचे ३४ होम रन, शेजारी हुआन सोटो. दोघं मारतात आणि बाकीचे सात जण आभाराचं भाषण केल्यासारखे येऊन जातात. रिझोचा हात मोडला, स्टँटनची मांडी धरली, गेरिट कोल कोपर सांभाळून जूनमध्ये परत आला. समोरच्याला जजला टाळून पुढच्याकडे जाणं परवडतं, कारण पुढच्याची भीतीच नाही. काका म्हणाले, "दोन मोठे ठेवीदार. ते उठले की शाखा बंद." मला राग आला, कारण चार ओळींत मांडायला मी धडपडत होतो ते यांनी चार शब्दांत संपवलं.

मग सिॲटलचे मरिनर्स. जूनच्या मध्याला सिॲटल आपल्या गटात दहा मॅचने पुढे होतं, ४४-३१. तेव्हापासून तेही आठच जिंकलेत, पंधरा हरलेत. पिचिंग सोन्यासारखं, गिल्बर्ट, कर्बी, कास्टियो, आणि बॅटिंग अशी, की निम्मा वेळ चेंडूला वारा घालण्यात जातो. स्ट्राइकआउट, म्हणजे तीनदा चुकून बाद, व्हायच्या बाबतीत सगळ्यांत पुढे. वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम लढतीत, आजवर एकदाही न पोचलेली ही एकमेव टीम, त्यामुळे तिथल्या लोकांना दहा मॅचची आघाडी एकावर आलेली बघून धक्का बसला असेल असं मला वाटत नाही. मागून आले ते ह्यूस्टनचे ॲस्ट्रोज, जे सुरुवातीला ७-१९ होते. आता ५०-४६. मधले सत्तर सामने काढा: ४३ जिंकले, २७ हरले. एप्रिलमध्ये ज्यांनी त्यांचं दहाव्याचं जेवण ठरवलं होतं, त्यांनी आचाऱ्याला दिलेली उचल परत मागावी.

इथे काकांनी मध्येच 'इनिंग्ज' या रकान्यावर बोट ठेवलं. "हा ५.१ म्हणजे?"

"पाच आणि एक तृतीयांश. एका इनिंगमध्ये तीन आउट, त्यातला एक झाला."

"मग ५.३३ लिहा. दशांश चिन्ह काय शोभेला आहे? हे ऑडिटला चालणार नाही."

मी शांतपणे विचारलं, की क्रिकेटमध्ये १९.४ ओव्हर्स म्हणजे किती? काका गप्प झाले. साधारण पंधरा सेकंद. म्हणजे बेस रिकामे असताना पिचरला जेवढा वेळ मिळतो तेवढाच. मग म्हणाले, "ते वेगळं." माझा त्या दिवसातला एकमेव विजय, आणि तोही रकान्यात धरला गेला नाही.

गार्डियन्स त्यांना पटेनात. एवढी छोटी उलाढाल आणि पहिला नंबर? पण पटण्यासारखंच आहे. मॅनेजर स्टीफन व्होग्ट, पहिलंच वर्ष. शेन बीबर हा हुकमी पिचर दोन मॅच टाकून कोपराच्या ऑपरेशनला गेला. मग त्यांनी केलं काय, तर सुरुवातीच्या पिचरकडून पाच-सहा इनिंग्ज कशाबशा काढून घ्यायच्या आणि उरलेल्या बुलपेनमधल्या राखीव पिचरांना वाटून द्यायच्या. शेवटी एमॅन्युएल क्लासे येऊन कुलूप लावतो. धोका कुठे आहे तेही सांगतो: रोज तीच चार माणसं हात गरम करतात. जुलैत चालतं, सप्टेंबरमध्ये खांदे बोलायला लागतात. आणि बॅटिंगला स्टीव्हन क्वान, सरासरी .३५२. दहा वेळा आला तर साडेतीन वेळा हिट. "पुन्हा अर्धं!" काका ओरडले. तेही सोसायटीत ऐकू गेलं असणार. नोटीस नाही.

फिलाडेल्फियाच्या फिलीजबद्दल फार बोलण्यासारखं नाही, ते नुसतेच चांगले आहेत. ६२-३४, सगळ्यांत वरचढ. व्हीलर, नोला, सुआरेझ, सांचेझ असे चार धड पिचर आहेत, म्हणजे पाच दिवसांतले चार दिवस घरात शिजवलेलं जेवण. याच फ्रँचायझीने १५ जुलै २००७ ला आपला दहा हजारावा पराभव पदरात पाडून घेतला होता, हे सांगितल्यावर काकांना त्यांच्याबद्दल आपुलकी वाटायला लागली. न्यूयॉर्कच्याच मेट्सचंही तसंच. जूनच्या सुरुवातीला जिंकण्यापेक्षा अकरा हरणी जास्त. १२ जूनला एका बर्गरवाल्यांच्या जांभळ्या बाहुल्याने पहिला चेंडू टाकला, टीम लागोपाठ सात जिंकली, आणि आता ४९-४६. काका म्हणाले, "कोप झाला होता, शांत केला." यावर माझ्याकडे दुसरं स्पष्टीकरण आहे, पण ते फॉर्ममध्ये आलेल्या बॅटिंगचं आहे आणि त्यात जांभळा रंग नाही.

खरी ठिणगी लॉस एंजेलिसच्या डॉजर्सवर पडली. ५६-४१, जखमींनी अर्धं हॉस्पिटल भरलेलं, आणि शोहेई ओहतानी २९ होम रन्सवर. कोपराच्या ऑपरेशनमुळे यंदा पिचिंग नाही, फक्त बॅटिंग. "म्हणजे निम्मं काम," काका म्हणाले. "पगार?" दहा वर्षांचे ७० कोटी डॉलर. वर्षाला हातात फक्त २० लाख. उरलेले दरवर्षीचे ६ कोटी ८० लाख २०३४ पासून २०४३ पर्यंत मिळणार.

"व्याज किती?"

"बिनव्याजी."

काका उठून उभे राहिले. बिनव्याजी हा शब्द त्यांनी तीन वेळा वेगवेगळ्या स्वरात उच्चारला, शेवटचा तार सप्तकात. पाणी दिलं. मुलाला कुणी सल्ला दिला, त्याला वडीलधारं कुणी आहे की नाही, जपानात बँका नाहीत का. वीस मिनिटं. व्होल्पीने चेंडू सोडला तेव्हा मी एवढा हळहळलो नव्हतो.

शांत झाल्यावर त्यांना मी माझी आवडती युक्ती सांगितली, कारण निव्वळ जय-पराजय मोजणारा फसतो. टीमने केलेल्या रन्सचा वर्ग करा, दिलेल्या रन्सचा वर्ग करा. पहिल्याला दोघांच्या बेरजेने भागा. समजा ५०० केले, ४५० दिले. अडीच लाख भागिले साडेचार लाखांच्या जरा वर, म्हणजे साधारण .५५. अठ्ठ्याण्णव मॅचमध्ये ५४ विजय शोभतात. प्रत्यक्षात ६० असतील तर एकेका रनने जिंकलेल्या मॅचचं ते नशीब आहे, पुढे फिटतं. काकांनी हे सूत्र उतरवून घेतलं. कशासाठी, विचारायची हिंमत झाली नाही.

"पण हे सगळं कशाला?" जाताना म्हणाले. "अमेरिकाही आता क्रिकेट खेळते. आपल्या नेत्रावळकरने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये पाणी पाजलं."

मी सांगितलं, की ६ जूनला ती मॅच झाली ते ग्रँड प्रेरीचं मैदान मुळात बेसबॉलचंच होतं.

"सुधारली म्हणायची जागा."

हे लागलं मला. चार वाजून पस्तीस मिनिटांचा अलार्म लावून उठणाऱ्या माणसाला लागतं. न्यूयॉर्कची संध्याकाळची मॅच इथे पहाटे सुरू होते, पेपरात दुसऱ्या दिवशी एक ओळ नसते, ऑफिसात सांगायला एक माणूस नसतो; आणि जो एक माणूस दीड तास बसून सगळं ऐकतो तो पाचशेची पावती फाडायला आलेला असतो. पावती फाडलीच. कारण: 'अवेळी आरडाओरडा (विदेशी)'. बी विंगने बघितलेला स्पेन बहुधा सांगलीजवळ असावा.

संध्याकाळी ग्रुपवर दुसरी सूचना: 'बुधवारी आषाढी एकादशी. पहाटे साडेपाचला अर्लिंग्टन येथील ऑल-स्टार सामना पाहणाऱ्या सभासदांनी आवाज बंद ठेवावा.' पाहणाऱ्या सभासदांनी! बहुवचन. बी विंगमधून सतरा अंगठे.

त्यानंतर मला खासगीत मेसेज: 'शनिवारी पहाटे व्हाइट सॉक्स कॅन्सस सिटीत आहेत. ते जिंकले व क्लीव्हलँड हरले तर साडेएकतीस, दोन्ही जिंकले तर साडेबत्तीस कायम. निकाल कळवणे. बेल वाजवू नये.'