४६ मिलिमीटरचा पाना कोण देतो?

दिल्लीत १ जुलै २०२५ पासून दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना पंपावर इंधन नाकारायचं ठरलं. ओरडा झाल्यावर काही दिवसांतच ते गुंडाळावं लागलं. पाठोपाठ ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून वाद पेटला. अशा वेळी परदेशस्थ मराठी माणसाचं एक वाक्य ठरलेलं असतं: "इकडे लोक पन्नास वर्षांच्या गाड्या जपतात, अनोळखी माणसं येऊन मदत करतात, आपल्याकडे ती वृत्तीच नाही." यातला पहिला भाग ब्रिटनपुरता खरा आहे. दुसरा, म्हणजे आपल्याकडे वृत्तीच नाही हा, साफ चुकीचा.

आधी खऱ्या भागाबद्दल. फोक्सवॅगनची एअर-कूल्ड (हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची) टाइप २ व्हॅन, म्हणजे १९६७ ते १९७९ मधली, पुढे एकसंध काच असलेली, दुरुस्त करणाऱ्या हौशी लोकांत मदत बहुतेक वेळा वस्तूच्या रूपात येते. मागच्या ब्रेक ड्रमचा नट ४६ मिमीचा असतो. तो ३०० न्यूटन-मीटरहून जास्त जोराने आवळलेला, वर अनेक वर्षांचा गंज. जॅकवर चढवलेल्या गाडीत पान्याला लांब पाइप लावून लोंबकळलं, तर नटाआधी गाडी हलते. म्हणून चाकं जमिनीवर ठेवून, पुढे-मागे अडण्या लावून, स्प्लिट पिन काढून मगच नट सैल करायचा. असं अवजार कित्येक वर्षांत एकदा लागतं. प्रत्येकाने विकत घेण्यात अर्थ नाही. ज्याच्याकडे असतं तो न पाहिलेल्या माणसाला देतो, आणि काम झालं की ते पुढच्या गरजूकडे जातं. याला औदार्य म्हणा, पण त्यात हिशेबही आहे.

सल्ल्याची गोष्ट थोडी वेगळी. १६०० सीसी इंजिनच्या टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फट थंड इंजिनवर ०.१५ मिमीला लावतात, साधारण दर ५,००० किलोमीटरला. त्याच वेळी अडीच लिटर ऑइल बदलतात. नवखा माणूस खडखडाट ऐकून घाबरतो आणि टॅपेट जास्तच घट्ट करून ठेवतो. खरी भीती शांत, म्हणजे फट न उरलेल्या टॅपेटची असते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून ताणला गेला की फट कमी होत जाते, व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि शेवटी त्याचं डोकं तुटून पिस्टनवर आदळतं. तिसरा सिलिंडर यात जास्त सापडतो, कारण जुन्या मॉडेलांत ऑइल कूलर त्याच्याच हवेच्या वाटेत उभा असतो. एकाच व्हॉल्व्हची फट दर वेळी कमी भरत असेल तर पुन्हा पुन्हा टॅपेट लावत बसू नये, हेड उतरवावं. कुणी जाणता माणूस हे फुकट सांगतो तेव्हा समोरच्याचं अख्खं इंजिन वाचतं. मात्र विचारणाऱ्याने फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्टीचं) माप, इंजिनचा नंबर आणि आधी काय काय करून पाहिलं ते सांगायला हवं. "आवाज येतोय, काय असेल?" या प्रश्नाला चांगल्यातला चांगला माणूसही कंटाळतो. आणि ब्रेकचं काम निव्वळ दुसऱ्याच्या शब्दावर करू नये. ते जाणकाराने स्वतः येऊन तपासलेलं बरं.

आता चुकीच्या भागाकडे. ही मदत ब्रिटनमधल्या माणसांच्या रक्तात आहे म्हणून टिकलेली नाही. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची तपासणी होते, आणि नापास झाली तर कारण लेखी मिळतं. सस्पेन्शन, स्टिअरिंग किंवा सीटबेल्ट जिथे बसवलेले असतात तिथून ३० सेंटिमीटरच्या आत जास्त गंज असेल तर गाडी नापास, असा मोजता येणारा निकष आहे. हा इतिहास नंबर टाकून कुणालाही फुकट बघता येतो. त्यामुळे शंभर मैलांवरचा माणूसही सांगू शकतो, "सिल (दाराखालचे पत्र्याचे पट्टे) दोनदा नापास झालेत, वरून ठिगळ मारलं असेल. पत्रा कापायच्या आधी दाराच्या चौकटीला आडवा बार वेल्ड कर, नाहीतर बॉडी खचेल आणि दार बसणार नाही."

चाळीस वर्षं झाली की रोड टॅक्स माफ, २०१८ पासून एमओटीही माफ (गेल्या ३० वर्षांत गाडीत मोठे बदल केलेले नसतील तर), आणि लंडनच्या प्रदूषण क्षेत्राचा दिवसाला १२.५० पौंडांचा आकारही लागत नाही. यातली एमओटी-माफी आपण उचलू नये. जुन्या गाडीलाच तपासणीची गरज जास्त. १९९० च्या दशकातल्या डिझेल व्हॅनवाल्यांना यातली कुठलीच सूट नाही, हेही "इकडे बघा" म्हणणाऱ्यांनी सांगायला हवं.

भारतात २०२१ च्या नियमानुसार गाडी व्हिंटेज ठरायला पन्नास वर्षं लागतात. १९८४ ची मारुती व्हॅन, म्हणजेच पुढची ओम्नी, २०३४ मध्ये तिथे पोचेल. तोवर मधली सगळी वर्षं पुनर्नोंदणी, वाढलेलं शुल्क, महाराष्ट्रात पर्यावरण कर, आणि राजधानीच्या परिसरात वयाची टांगती तलवार. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयावरून कारवाई करू नका असं सांगितलं, पण डिसेंबर २०२५ मध्ये तो दिलासा बीएस-४ आणि त्यापुढच्या प्रदूषण निकषांच्या गाड्यांपुरताच ठेवला. अशा अनिश्चिततेत सुटे भाग जमवून ठेवायला कोण धजावेल? मदतीची वृत्ती कमी नाही. मॅटाडोर किंवा ओम्नी रस्त्यात बंद पडली तर चार माणसं ढकलायला येतात आणि पाचवा मिस्त्रीला घेऊन येतो. पासिंगमध्ये गाडी नेमकी कशात नापास झाली ते नंबर टाकून कुणालाही दिसू लागलं, तर पुण्यातला माणूस नागपूरच्या अनोळखी माणसाला "ही घेऊ नको" असं कारणासकट सांगू शकेल. प्रदूषणाचा प्रश्न खोटा नाही. पण धूर मोजता येतो, आणि तो जन्मतारखेवरून मोजायचा नसतो.

इंधनाचंही तसंच. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई-१० झालं, तरी महागड्या सुपर पेट्रोलमध्ये ई-५ ची सोय ठेवली आहे. इथेनॉलमुक्त पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका भारतात १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली गेली. म्हणजे जुन्या गाडीवाल्याला रबरी नळ्यांकडे स्वतःच बघावं लागणार. जुनं रबर इथेनॉलने मऊ पडतं, मग चिरतं. मागे इंजिन असलेल्या व्हॅनमध्ये गळती थेट गरम इंजिनवर होते आणि आग लागते. नळीवर आर-९ किंवा आर-१४ (इथेनॉल सोसणाऱ्या नळीची खूण) असा शिक्का बघून सगळ्या नळ्या एकदम बदलाव्यात, प्रत्येक टोकाला क्लिप लावावी. टाकी आणि इंजिनच्या मधल्या पत्र्यामागे दडलेला छोटा तुकडा हमखास राहून जातो, कारण तिथे हात पोचायला इंजिन उतरवावं लागतं. पेट्रोलचा प्लॅस्टिकचा फिल्टर डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाच्या) वर लटकत ठेवू नये. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीतलं पेट्रोल काढून घ्यावं. इथेनॉल पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजते.