ताई, तुमच्या 1 स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई, रिव्ह्यू वाचला. जुना 21 इंची डबा टीव्ही बंद पडला म्हणून 24 इंची नेला तर तो जुन्यापेक्षा लहान वाटतो, आवाज दबका येतो, आणि 32 मागत असताना आम्ही पडून असलेला माल गळ्यात मारला असं तुम्ही लिहिलंय. हे शेवटचं मनाला लागलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

तुमचा टीव्ही ठेवायचा कप्पा आतून 68 सेंमी रुंद, माप तुम्हीच दिलेलं. 32 इंचीचा नुसता स्क्रीनच जवळपास 71 सेंमी रुंद असतो, वर बॉडी वेगळी, म्हणजे तो आत बसलाच नसता. इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप असतं, कप्प्यासाठी बघायची ती रुंदी, आणि हल्ली बऱ्याच टीव्हींना मधे स्टँड नसून दोन टोकांना पाय असतात ते फळीवर टेकतात का हेही बघावं लागतं.

आता लहान दिसण्याचं. तुम्हाला भास होत नाहीये ताई, जुनी सिरीयल लावलीत की चित्र खरंच वाढत नाही. जुना स्क्रीन चौकोनी, 4:3 चा (म्हणजे रुंदी 4 तर उंची 3), चित्राची उंची 30-31 सेंमी. नवा 24 इंची 16:9 चा, रुंदी 53 सेंमी पण उंची 30 च, मग जुना कार्यक्रम मधोमध दिसतो आणि दोन्ही बाजूला काळे पट्टे. रिमोटवरून ताणून पट्टे घालवू नका, माणसं पसरट दिसतात. मॅच किंवा नवा सिनेमा लावून बघा, तिथे पूर्ण रुंदी वापरली जाते आणि फरक लगेच कळतो.

आवाजाची तक्रार मात्र सगळ्याच पातळ टीव्हींची आहे, स्पीकर छोटे आणि तोंड खाली किंवा मागे, त्यात तुमचा कप्पा तिन्ही बाजूंनी बंद. टीव्ही फळीच्या पुढच्या कडेपर्यंत ओढा पण पाय पूर्ण फळीवर राहू द्या, साउंड मोडमधे बोलण्यासाठीचा पर्याय असेल तर तो लावा, तरी नाही पटलं तर छोटा साउंडबार (टीव्हीसमोर ठेवायचा लांबट स्पीकर) जोडता येईल, मॉडेलचं पोर्ट, म्हणजे वायर लावायची जागा, बघून कुठला चालेल ते मी सांगतो.

आणि 32 च हवा असेल तर कप्पा सोडून भिंतीवर लावावा लागेल. 75 सेंमी तरी मोकळी भिंत हवी, शिवाय केबलची पिन सरळ मागे निघत असेल तर ब्रॅकेट थोडा पुढे येणारा लागतो. भिंतीचा फोटो आणि माप पाठवा, बसत असेल तर 24 परत घेऊन 32 देतो, फक्त फरकाची रक्कम भरा.