टी ट्री तेल थेट लावू नका
पापण्यांतल्या डेमोडेक्स माइट्सवर (केसांच्या मुळाशी राहणारे सूक्ष्म किडे) टी ट्री तेल लावा, असं एका लेखात सरळ लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही. शुद्ध तेलाने डोळ्याची प्रचंड आग होते, इजाही होऊ शकते. कृपया घरी करू नका. माझ्या आईच्या पापण्यांच्या मुळाशी मेणचट कोंडा नळीसारखा चिकटलेला असायचा, खाजवून खाजवून डोळे लाल. कितीतरी दिवस ॲलर्जीचेच थेंब चालू होते! डॉक्टरांनी तिला खाली बघायला सांगून यंत्रातून मुळं तपासली, तेव्हा कुठे हे किडेच कारण असल्याचा उलगडा झाला. हे किडे मारणाऱ्या लोटिलानर या औषधाच्या ०.२५ टक्के थेंबांना अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली; दिवसातून दोनदा, ६ आठवडे. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका, या किड्याचं जीवनचक्रच २-३ आठवड्यांचं असतं.